गोळी आहे, सांगणारा आवाज नाही
(वस्तीतल्या बैठकीत केलेलं भाषण)

मित्रांनो, आणि दाराशी उभ्या राहिलेल्या बायांनो, आधी तुम्ही आत या. विषय तुमचा आहे. बोलायला उभा राहिलाय गोदीतला एक मॅट्रिक पास हमाल, एवढं गोड मानून घ्या.

काही पोरं आत्ताच कुजबुजली, की चळवळीच्या बैठकीत हा बाईच्या पोटाचा विषय कशाला? त्यांना विचारतो, १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्या'तल्या मजकुरासाठी खटला भरला, तेव्हा कोर्टात त्यांच्या बाजूनं कोण उभं राहिलं? बाबासाहेब. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव कोणाचा होता? बाबासाहेबांचा, मांडला रोहमांनी. ठराव पडला ती गोष्ट वेगळी. तेव्हा बसा गप.

मी कायदा वाचला. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा, २०२१ ची सुधारणा, त्याच सालचे नवे नियम. कविता लिहिणाऱ्याला शब्द मोजायची खोड असते, म्हणून सावकाश वाचला. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. पण गोळ्या लिहून देणार तो या कामाचा अनुभव असलेला ॲलोपॅथी डॉक्टरच. डॉक्टरनं फोनवर बाईशी बोलावं, तिला नीट विचारावं, गोळ्या तिच्या घरी पाठवाव्यात, असं एक वाक्य त्यात नाही. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, सरकारनं फोनवरच्या डॉक्टरकीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही गर्भपाताला वेगळी वाट आखून दिलेली नाही. म्हणजे मनाई लिहिलेली नाही न् परवानगीही लिहिलेली नाही. असल्या मोकळ्या जागेत डॉक्टर पाय टाकत नाही, साहेब. त्याला पोलीस दिसतो.

आणि बाई काय करते? चार घरची भांडी घासणारी बाई एक दिवस हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहिली की एक दिवसाचा पगार कापला. सोनोग्राफीला दुसऱ्या दिवशी बोलावलं, की दुसराही गेला. नवरा कुठाय, त्याची सही आणा, हा फुकटचा सवाल वर. मग ती मेडिकलवर जाते. नवरा जातो, नाहीतर भाऊ. काउंटरवरनं पाकीट सरकतं.

हे मी हवेत बोलत नाही. २०१५ सालचा अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आलाय. त्या एका वर्षात देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले शंभरातले ७३ दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. कायदा दवाखान्याच्या दारात राखण करत बसलाय आणि बाया केव्हाच मागल्या गल्लीनं निघून गेल्यात!

गोळ्या वाईट नाहीत. पाकिटात एक मिफेप्रिस्टोन, चार मिसोप्रोस्टॉल. नीट घेतल्या तर काम करतात. पण दुकानदार विचारतो का, शेवटची पाळी कधी आली? तांबी बसवलीय का? गर्भ पिशवीबाहेर नळीत असला तर या गोळ्यांनी तो जात नाही. नळी फुटली तर बाई जाते. तासाला दोन मोठे पॅड भिजले, तसेच दोन तास गेले, तर उठून हॉस्पिटल गाठायचं, हे तिला कोण सांगणार? हे सांगायला डॉक्टरचा आवाज पुरतो. वाकून बघायला लागणाऱ्या बाया असतात, त्यांना बोलवून घ्यावं. बाकीच्यांना कशाला रांगेत मारता?

ब्रिटनमध्ये हे झालं. मार्च २०२० मध्ये करोनामुळं इंग्लंडात फोनवर बोलून पहिल्या १० आठवड्यांत गोळ्या घरी द्यायची तात्पुरती मुभा मिळाली. ५२ हजारांवर गर्भपात तपासले. नव्या पद्धतीत बाईचं थांबणं सरासरी चार दिवसांनी घटलं, धोका वाढला नाही. सरकार तरी ती मुभा बंद करायला निघालं होतं. ३० मार्च २०२२ ला पार्लमेंटात २१५ विरुद्ध १८८ मतांनी ती कायम राहिली, इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात बसली.

अमेरिकेत उलटं. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा देशभरचा हक्क काढून घेतला. मॅसॅच्युसेट्सनं त्याच वर्षी कायदा करून, दुसऱ्या राज्यातल्या बाईला फोनवर उपचार देणाऱ्या आपल्या डॉक्टरला आडोसा दिला. लुइझियानानं ऑक्टोबर २०२४ पासून याच गोळ्या नशेच्या औषधांच्या यादीशेजारी नेऊन बसवल्या. तिकडं बाईचा पत्ता बघून हक्क ठरतो. आपल्याकडं तिचा रोज बघून.

एक भीती मलाही आहे, ती लपवत नाही. फोनच्या पलीकडं नवरा हात पिरगाळून उभा असेल तर? घरात फोन एकच, तोही त्याच्या खिशात. आणि सरकारवर भरवसा ठेवायला आपण काय काल जन्मलो? १९७६ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. उद्या हेच सरकार म्हणेल, फोन दिलाय, आता प्रसूतिगृह कशाला, खाटा कशाला? म्हणून फोन पाहिजे तो खाटेसकट. आशाताईला पगार आणि शिक्षण देऊन पाहिजे. बाईशी एकटीशी बोलल्याशिवाय गोळी नाही, हेही नियमात लिहून पाहिजे.

तोवर कायद्यात जे लिहिलंय तेवढं तरी वस्तीत पोचवू. बाई १८ वर्षांची असली, तर संमतीच्या फॉर्मवर सही फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासूची नाही. लग्न झालेलं नसलं तरी तिला हक्क आहे, २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. तिचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहे.

एवढं तीन ओळींत बसतं. मी बसवलंय. शनिवारी रात्रपाळी सुटली की रंग आणि ब्रश घेऊन येतो. नळाशेजारची भिंत आणि रेशन दुकानाची भिंत बघून ठेवलीय. शिडी कोणाकडं आहे?