भोंगा आणि झेंडा



फौजेत असताना एकदा दंगलीच्या वेळी माझी तुकडी मुलकी प्रशासनाच्या मदतीला गेली होती. समोर चिडलेला जमाव, मागे माझे जवान भरल्या रायफली घेऊन उभे आणि माझ्या हातात भोंगा. त्या दिवशी गोळी न चालवता गर्दी पांगली. पण रायफलीपेक्षा भोंगा जड असतो, हे मला तेव्हा कळलं. म्हणून आज लामार्तीनबद्दल बोलतो.

आल्फाँस द लामार्तीन. जन्म १७९०, फ्रान्समधलं माकाँ. तरुणपणी थोडा काळ राजाच्या अंगरक्षक दलात होता. १८२०च्या पहिल्याच कवितासंग्रहाने तो देशभर गाजला. पुढे वकिलातीत नोकरी, मग संसद.

फेब्रुवारी १८४८मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली, राजा पळाला. हंगामी सरकारात लामार्तीन परराष्ट्रमंत्री झाला. २५ फेब्रुवारीला हत्यारबंद जमावाने नगरभवनाला वेढा घातला. मागणी एकच, तिरंगा उतरवा, लाल झेंडा लावा. लामार्तीन त्यांच्यासमोर जाऊन बोलला. तिरंगा फ्रान्सचं नाव घेऊन जगभर फिरलाय, लाल झेंड्याने फक्त आपल्याच माणसांचं रक्त पाहिलंय, असा त्याचा मुद्दा होता. तिरंगा राहिला. त्याच सरकारने वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली आणि सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला.

एप्रिलच्या निवडणुकीत तो दहा जिल्ह्यांतून निवडून आला. मात्र जहाल सहकाऱ्याची साथ सोडेना, म्हणून सनातनी मंडळी दुरावली. जूनमध्ये पॅरिसच्या कामगारांचा उठाव रक्तात बुडाला, आणि त्याची लोकप्रियताही ओसरली.

आता खरी गोष्ट ऐका. ऑक्टोबरमध्ये संसदेत प्रश्न आला, राष्ट्राध्यक्ष कोणी निवडायचा, संसदेने की जनतेने? नेपोलियनचा पुतण्या रिंगणात उतरणार, हे दिसत होतं. तरीही लामार्तीनने जनतेची बाजू घेतली. डिसेंबरमध्ये पुतण्याला ५४ लाखांवर मतं पडली. लामार्तीनला? जेमतेम १८ हजार. तीन वर्षांनी त्याच पुतण्याने सैन्याच्या जोरावर प्रजासत्ताक मोडीत काढलं.

लामार्तीनचं उरलेलं आयुष्य कर्ज फेडण्यासाठी लिहिण्यात गेलं. मियीचं लहानपणीचं घरही विकावं लागलं. १८६९मध्ये तो गेला.

त्याचं चुकलं का? मला हा प्रश्न बरीच वर्षं छळतो. फौजेने मला शिकवलं, की हुकूम देण्याचा अधिकार लोकांकडून येतो. तो आपल्याला सोयीचा असेल तेव्हाच मानायचा, असं चालत नाही. पण निवडून दिलेल्या माणसाला आवर घालणारी व्यवस्थाही तितकीच भक्कम लागते. ती फ्रान्सकडे तेव्हा नव्हती. आपल्याकडे आहे, ती जपू या.

जय हिंद.