कॉलर रंगवायची राहिली नव्हती

सेकंड-हँड सैनिक आणून ते पुन्हा रंगवायला कसे तयार करायचे यावर कधीतरी बोलेन, असं मी म्हणत आलोय. आज बोलतो. पण सुरुवात माझ्याच एका घोळापासून.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी एका वाक्यात: टेबलावर ऐतिहासिक लढाया खेळायच्या, त्यासाठी इंचभर उंचीचे धातूचे सैनिक लागतात. मी राहतो लीड्सला, यॉर्कशरमध्ये. इथे वॉरगेमिंगच्या जत्रा भरतात (मी जत्राच म्हणतो) आणि तिथे जुन्या मालाचं एक टेबल असतंच. तिथून मी बिस्किटाच्या डब्यातले २४ ब्रिटिश पायदळी शिपाई उचलले, १५ पौंडांना. नेपोलियनच्या काळातले, २५ मिमीचे, पुठ्ठ्याच्या चौकोनावर चिकटवलेले. रंग जुना एनॅमल, वर जाड चकचकीत व्हार्निश.

घरी येऊन बघतो तर लाल कोटाची कॉलर लाल, कफही लाल. आता ब्रिटिश रेजिमेंट ओळखायच्या त्या कॉलर-कफच्या रंगावरून. कुणाचा पिवळा, कुणाचा हिरवा, कुणाचा निळा. मला वाटलं, रंगवणाऱ्याने कंटाळा केला, कॉलर राहूनच गेली. म्हटलं, काढून टाकू सगळं.

रंग काढायला इथले बरेच लोक डेटॉल वापरतात. हो, आपलं तेच, घरोघरी असतं ते तपकिरी. पाणी न घालता. झाकणाच्या बरणीत सैनिक बुडवायचे, दिवसभर ठेवायचे, मग जुन्या टूथब्रशने घासायचे. हातमोजे घाला, कातडी सोलवटते. आणि बाहेर काढल्यावर लगेच नळाखाली धरू नका! पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट राब होतो आणि तो खाचाखाचांत बसतो. आधी ताज्या डेटॉलमध्येच घासून खळबळायचं, मग साबण-पाणी. अ‍ॅसिटोन लवकर काम करतं, पण प्लॅस्टिकचा सैनिक त्यात विरघळून जाईल. फक्त धातूसाठी.

तर बरणीत २० मावले. चार बाहेर राहिले.

दुसऱ्या दिवशी २० जण चकचकीत राखाडी होऊन बाहेर आले, त्यांच्या पुठ्ठ्यांचा लगदा झाला. तो फेकला. मग उरलेल्या चारांपैकी एकाचा पुठ्ठा सुरीने उचकटला, सहज उलटा केला. खाली बॉलपेनने बारीक अक्षरात: ३३, फेब्रुवारी ७८.

३३ वी रेजिमेंट. तिच्या कॉलर-कफचा रंगच लाल होता! वॉटर्लूला, १८१५ साली, लाल कोटावर लाल कॉलर घालूनच ती उभी होती. वेलिंग्टन तरुणपणी याच रेजिमेंटचा लेफ्टनंट कर्नल होता, १७९९ ला श्रीरंगपट्टणला ती लढलीय. आणि १७८२ पासून तिचं नाव जोडलं होतं वेस्ट रायडिंगशी, म्हणजे मी राहतो त्याच भागाशी. रंगवणाऱ्याला सगळं माहीत होतं. मला नव्हतं. बाकीच्या २० पुठ्ठ्यांवर काय लिहिलं होतं ते आता कळणार नाही.

ऑफिसात दुसऱ्याचा जुना कोड बघून 'हे कुणी लिहिलंय' म्हणत डिलीट करणारे असतात ना, त्यांना मी नावं ठेवतो. असो.

म्हणून आता माझा क्रम बदललाय. आधी प्रत्येक सैनिक उलटा करायचा, खालचा फोटो काढायचा. मग पांढरी भुकटी आहे का बघायची. जुन्या सैनिकांत शिसं भरपूर असतं, आणि बंद लाकडी कपाटात, खासकरून ओकच्या, लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ते पांढरं पडून भुसभुशीत होत जातं. ही भुकटी विषारी. कोरडी घासायची नाही, फुंकायची तर नाहीच. मास्क लावून, ओल्या ब्रशने. विनेगरने साफ करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तेही आम्लच. आमच्याकडे दीड वर्षाची मुलगी आहे, त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात बंद. गॅरेजमध्ये, वर्तमानपत्र पसरून, मग हात आणि टेबल दोन्ही धुवायचं. कानस मारतानाही सैनिक ओला ठेवायचा.

मोडतोड दोनच प्रकारची असते बहुतेक. वाकलेली बंदूक एकदाच, सावकाश सरळ करा. मागे-पुढे केलीत तर तुटलीच. तुटलेल्या संगिनीसाठी बंदुकीच्या टोकाला हाताच्या ड्रिलने अर्ध्या मिमीचं भोक, त्यात पितळी तार सुपरग्लूने, आणि तारेचं टोक आधीच हातोडीने चपटं केलेलं. घोट्यात मोडलेल्या पायालाही तारच. नुसत्या ग्लूवर तो पहिल्याच खेळात पडतो.

त्या चौघांना मी हात लावलेला नाही. फक्त धूळ पुसली, एकाची संगीन बसवली, पुठ्ठा होता तिथेच परत चिकटवला. ते पहिल्या रांगेत उभे राहतील. मागच्या २० जणांना प्रायमर मारायचाय, पण लीड्सला गेला आठवडाभर पाऊस आहे आणि दमट हवेत स्प्रे मारला की प्रायमर खरखरीत बसतो. लाल रंग आणून ठेवलाय. कॉलरलासुद्धा तोच.