जब्याचा दगड



नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा ‘फँड्री’ हा सिनेमा तुम्ही पाहिलाच असेल, म्हणून कथा सांगत बसत नाही. थेट शेवटाकडे येतो. त्यातला शाळकरी पोरगा जब्या दगड भिरकावतो. का? एक गृहस्थ मला म्हणाले होते, “पोरगं मुळात तापट.” माझं आजचं भाषण या ‘मुळात’विरुद्ध आहे.

दुसरा जे वागतो त्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थितीत नाही. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली या खोडीला ‘मूलभूत गुणारोपण दोष’ म्हटलं. स्वतःला उशीर झाला की ट्रॅफिक, सुनेला झाला की आळस! (हशा) हसलात, म्हणजे पटलं.

आता जब्याकडे बघा. शाळेजवळ डुक्कर धरायचंय. वर्गातली मुलं बघतायत, त्याला आवडणारी शालू बघतेय. तो आडोशाला लपतो. बाप कचरू त्याला सगळ्यांदेखत मारतो. गाव तमाशा बघावा तसं हसतं. यात तापटपणा कुठाय? हे पोर सिनेमाभर अपमान गिळतच आलंय.

लपण्यावरून आठवलं. मी कॉलेजात शिकवत असताना स्कॉलरशिपवाल्यांची नावं वर्गात मोठ्यानं वाचायचो. नाव घेतलं की उभं राहायचं, पुढे येऊन फॉर्म न्यायचा. एक मुलगा कधी उठलाच नाही. तारीख गेली. मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, निष्काळजी आहे. परीक्षेनंतर तो व्हरांड्यात भेटला. चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, “सर, सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं असतं.” मी मानसशास्त्र शिकवत होतो, श्रोतेहो! त्याची परिस्थिती म्हणजे मी होतो. पुढच्या वर्षी एकेकाला खोलीत बोलावून फॉर्म दिले. कुणाचीही तारीख चुकली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. पण जब्याला हसणाऱ्या गावासारख्या बघ्यांचं सांगायलाच हवं. डार्ली आणि लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या खोलीत कुणाला तरी झटका आलाय, आणि ते फक्त आपल्यालाच ऐकू येतंय असं वाटलं, तेव्हा झटका थांबायच्या आत ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं, तेव्हा ३१ टक्के. माणसं तशीच होती, बदलली ती फक्त ऐकणाऱ्यांची संख्या.

मागून प्रश्न आलाय, “मग जबाबदार कुणीच नाही का?” नाही हो, उलट जबाबदारी वाढते! परिस्थिती आभाळातून पडत नाही. हसणारा ती घडवतो आणि गप्प बसणाराही घडवतो. म्हणून तर जब्याचा शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. थिएटरात त्या दिशेला आपण बसलेले असतो.

उद्या कुणाला ‘मुळातच तसा’ म्हणाल, तेव्हा त्याच्यासमोर कोण उभं आहे तेवढं एकदा बघा.