कान फुटला म्हणजे नेमके काय झाले?
(स्वयंसेवक व भगिनी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय मी मागून घेतला आहे. आपल्या भेटींच्या अहवालात ताप, कुपोषण, सिकलसेल यांचे रकाने असतात. कानाचा रकाना नसतो. पण केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांतल्या कुठल्याही कोलाम पोडावर जा आणि नुसते विचारा, ‘कोणाचा कान वाहतो का?’ आया हसतात. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी विचारते का, असे त्यांना वाटते.

कानातून पू आला की आपल्याकडे म्हणतात, ‘कान फुटला.’ शिकलेल्या माणसाला हा शब्द गावंढळ वाटेल, पण तो जवळजवळ अचूक आहे. कानाच्या नळीच्या आतल्या टोकाला एक पातळ पडदा असतो, शर्टाच्या बटणाएवढा. आवाजाने तो थरथरतो, ती थरथर मागच्या तीन बारीक हाडांतून पुढे जाते आणि आपल्याला ऐकू येते. पडद्यामागच्या पोकळीपासून घशापर्यंत एक नळी असते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असल्यामुळे सर्दीचे जंतू सहज वर चढतात. आत पू साठतो, पडदा ताणतो आणि शेवटी फुटतो. म्हणजे फुटतो तो कान नव्हे, पडदा.

आता खूण ऐका, कारण इथेच घोटाळा होतो. आई सांगते, ‘दोन दिवस सर्दी होती. काल रात्रभर कान धरून रडला. पहाटे उशी ओली झाली, मग शांत झोपला. आता बरा आहे जी.’ ठणका गेला कारण पडदा फुटून आतला दाब मोकळा झाला. दुखणे थांबले, पण दुखणे बरे झाले असा त्याचा अर्थ नाही. असे वाक्य कानावर पडले की तुम्ही थांबायचे आणि कान बघायला सांगायचे.

बाकीच्या खुणा लोकांच्याच बोलण्यात सापडतात. ‘एका कानाने कमी येते.’ ‘कानात सारखे गुणगुणते.’ ‘नाक शिंकरले की कानातून वारा निघतो, शिट्टी वाजते.’ ‘उठले की गरगरते.’ काडी किंवा पिन घातल्यावर, सुतळी बॉम्ब जवळ फुटल्यावर किंवा कानावर मार बसल्यावर एकदम कळ येऊन रक्ताचा थेंब दिसला, तर पडदा फाटला असेल असे धरून चालायचे. मात्र तपकिरी, चिकट मळ म्हणजे पू नव्हे, त्याला घाबरू नका. आणि एक लक्षात घ्या, कान कोरडा असूनही पडद्याला छिद्र असू शकते. ते ओटोस्कोपनेच दिसते, मोबाईलच्या बॅटरीने नाही. तुमचे काम शंका घेण्याचे, निदान डॉक्टर करतील.

नुकतेच पडलेले छिद्र बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येते. पण दोन आठवडे झाले तरी कान वाहतोच आहे, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला जुनाट आजार मानते. या आजारात सहसा दुखत नाही, म्हणून कोणी दवाखान्यात नेत नाही. संघटनेच्या २००४ च्या अहवालात सर्वाधिक प्रमाणाच्या, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक, गटात भारत आहे. त्याच गटात ऑस्ट्रेलियातले आदिवासीही आहेत. दाटीची घरे, चुलीचा धूर, वारंवार सर्दी आणि लांबचा दवाखाना, हे सगळीकडे सारखेच.

मला माहीत असलेला एक मुलगा सांगतो. पोडावरचा, आश्रमशाळेत तिसरीत. घरी कोलामी बोलणारा, म्हणून वर्गात उत्तर देत नसे तेव्हा ‘मराठी समजत नाही’ असे सर्वांनी धरले होते. पुढे ‘मंद आहे’ असे ठरले. आमच्या एका ताईने त्याच्या पाठीमागे उभे राहून कोलामीतच हळू हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. दोन्ही कान वाहत होते, केव्हापासून ते आईलाही आठवेना. ज्या मुलाला घरची भाषाच नीट ऐकू येत नाही, तो शाळेची भाषा कुठून शिकणार? उपचारानंतर त्याचे कान कोरडे झाले, आणि पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याचे नाव नोंदवले आहे. गेलेली दोन वर्षे मात्र परत आणता येत नाहीत.

आणि मारण्याबद्दल थोडे कडक बोलतो. ‘कानाखाली आवाज काढीन’ हे आपण हसत म्हणतो. उघड्या तळहाताचा फटका कानावर बसला की नळीतली हवा दाबली जाऊन पडदा फाटू शकतो. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरी आणि आपल्या रविवारच्या शाळेतही ती असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरगुती उपायांत लसूण घालून कोमट केलेले तेल सर्वांत लाडके. पडदा फाटलेला असेल तर तेल थेट मधल्या कानात जाते. तेल, पाला-रस, उरलेले जुने थेंब, काही घालू नका. काही थेंबांनी ऐकण्याची नसच बिघडते. आपला जिल्हा कापसाचा, म्हणून शेतातलाच कापूस कोंबून बोळा बसवतात. आत अडकलेला पू मग वाट शोधतो. स्वच्छ मऊ सुती कापडाची वात करून ती बाहेरच्या बाजूला अलगद ठेवायची, भिजली की बदलायची, कान कोरडा राहीपर्यंत. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवायचा आणि लगेच काढायचा. नाल्यात, तलावात बुडी नाही. बाळाला पाजताना डोके थोडे उंच धरा.

कानामागे सूज, तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे, तोंड वाकडे होणे, यांतले काही कान वाहत असताना दिसले तर उद्यावर टाकू नका. संसर्ग हाडात किंवा मेंदूकडे गेला असू शकतो. त्याच दिवशी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या, अंधार पडला असला तरी. नुसता घाण वास येत असेल, पण यातले काही नसेल, तरी त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

घाई नसेल तेव्हा आशाताईला किंवा अंगणवाडीताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. कान वाहणे आणि कमी ऐकू येणे दोन्ही त्यांच्या तपासणीत आहे. पथक येण्याआधी मुलाचे नाव त्यांच्या हाती द्या, नाहीतर गर्दीत लाजरे मूल मागेच उभे राहते. शस्त्रक्रिया लागली तर महात्मा फुले योजनेत बसते का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा आणि शिधापत्रिका, आधार बरोबर ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळेची मुले पोडावर येतात. त्या भेटींच्या वहीत या वेळी दोन रकाने वाढवले आहेत: ‘कान वाहतो का, किती दिवस’ आणि ‘मागून हळू हाक मारल्यावर वळले का’. वह्या दाराजवळच्या टेबलावर आहेत, जाताना घेऊन जा.