गांव वसविणारे पूर्वज

पूर्वज म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात ते तरवार गाजविणारे, गड राखणारे किंवा सनदा मिळविणारे पुरुष. उघड्या माळावर ज्यांनीं पहिली चूल मांडली, त्यांना हा मान देण्याची रीत आपल्याकडे फारशी नाहीं. अमेरिकेंत ती आहे. १८६२ सालच्या कायद्यानें तेथें पश्चिमेकडे जाणाऱ्या कुटुंबास १६० एकर जमीन मिळूं शके. मुख्य अट ही कीं, पांच वर्षें तेथें राहून ती कसली पाहिजे. त्या कुटुंबांच्या हकीकती त्यांचे वंशज आजहि अभिमानानें सांगतात. मात्र ती भूमि ओसाड नव्हती. मूळच्या जमातींना तेथून हुसकून लावलें गेलें. हें दुसरें अंग सांगितल्यावांचून ती कथा पुरी होत नाहीं.

असे वसाहतकार करवीरच्या परिसरांतहि होऊन गेले. मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ सालीं. १८९४ सालीं शाहूमहाराजांनीं राज्यकारभार हातीं घेतला आणि दुसऱ्याच वर्षीं शाहूपुरीची पेठ वसविली. पंचगंगेच्या कांठचा ऊंस गुऱ्हाळांत शिजे, पण गुळाला हक्काची बाजारपेठ नव्हती. ती या पेठेनें दिली. पुढें १९१७ सालीं, याच लोहमार्गावरील शिरोळ रोड स्टेशनाजवळ, महाराजांनीं नवें गांव उभें केलें आणि त्याला आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांचें नांव दिलें. तेंच जयसिंगपूर. सरळ रस्ते व क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही त्याची खूण आजहि कायम आहे.

परंतु राजाज्ञेनें रस्ते आंखले जातात, गांव वसत नाहीं. गांव वसतें तें माणसांनीं तेथें राहावयाचें ठरविल्यावर. जुन्या गांवांतील वाडा, भाऊबंदकी, ओळखीचा सावकार आणि कुलदैवताचें देऊळ मागें टाकून नव्या पेठेंत दुकान थाटणें म्हणजे घरादाराची पैज लावण्यासारखें होतें. गिऱ्हाईक येईल कीं नाहीं, मुलींना स्थळें सांगून येतील कीं नाहीं, अडीअडचणीला शेजारी धांवेल कीं नाहीं, यांतील कशाचीच हमी कोणी देऊं शकत नव्हतें.

याहून विलक्षण कथा वळिवड्याची आहे. १९४०-४१ सालीं सोव्हिएट सत्तेनें पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेलीं कुटुंबें इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं. त्यांतील सुमारें ५,००० माणसांसाठीं, बहुतेक बायकामुलांसाठीं, १९४३ सालीं कोल्हापूरजवळ वळिवडें येथें छावणी उभारण्यांत आली. तेथें शाळा चालल्या, प्रार्थनामंदिर उभें राहिलें, नाटकेंहि झालीं. १९४८ पर्यंत ती मंडळी पांगली. तोंच फाळणीनें बेघर केलेलीं सिंधी कुटुंबें त्याच बराकींत राहावयास आलीं. एका निर्वासितानें विझविलेल्या चुलीवर दुसऱ्यानें आधण ठेवलें! त्या वस्तीचें नांव गांधीनगर. आज तें घाऊक कापडाची मोठी पेठ म्हणून ओळखलें जातें.

येथें एक गोष्ट मनाला बोंचते. पोलिश मंडळी जेमतेम पांच वर्षें राहिलीं. तरी त्यांनीं आठवणी लिहिल्या, छायाचित्रें जपलीं, आणि १९९८ सालीं कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत त्यांचें स्मारक उभें राहिलें. उलट जीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या येथेंच नांदलीं, त्यांतील किती नातवंडांना ठाऊक आहे कीं, आजोबा कोणत्या गांवाहून, कोणत्या सालीं व कां निघाले?

हें जाणण्याचीं साधनें दुर्मिळ नाहींत. माळ्यावरील जुन्या कीर्दखतावण्या, खरेदीखतें, शाळेचे दाखले आणि लग्नपत्रिका यांत सालें सांपडतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मूळ गांव व वंशावळ मिळण्याचा संभव असतो. ऐकीव गोष्ट आणि कागद यांत अंतर पडलें, तर दोन्ही टिपून ठेवावीं. आपल्या आधीं त्या जमिनीवर कोणाचें कुरण किंवा शेत होतें, हेंहि विचारावें. त्यानें पूर्वजांना कमीपणा येत नाहीं.

कागदांत बहुधा सांपडणार नाहीं तें स्त्रियांचें वृत्त. दुकानाची पाटी पुरुषाच्या नांवानें लागली. पण विहिरीवर पहिली ओळख कोणीं केली, बाळंतपणांत परक्या शेजारणीला हांक कोणीं मारली, हें खतावणींत लिहिलेलें नसतें. तें घरांतील वृद्ध स्त्रियांनाच आठवत असतें, आणि त्यांना विचारण्याची वेळ फार दिवस थांबत नाहीं. म्हणून पहिला प्रश्न त्यांनाच विचारावा, आणि पहिल्या पानावर पणजीचें नांव, तिच्या माहेरच्या गांवासह, लिहावें.