अब्बांचं कोळपं आणि 'छोटं पेटंट'

(पिरंगुट येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो, पण आज बोलणार आहे अब्बांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानाबद्दल. आपल्या मुळशीत भातखाचरातलं तण काढायला कोळपं चालवतात. त्याचा दांडा एकाच उंचीचा, त्यामुळे बायकांची पाठ भरून यायची. अब्बांनी एका पाइपात दुसरा पाइप बसवला, भोकं पाडली, खीळ घातली. उंची हवी तशी करता येऊ लागली. लोक विचारत दुकानात येऊ लागले. एक व्यापारी दोन नग घेऊन गेला. पुढच्या हंगामात तेच कोळपं वेगळ्या रंगात, स्वस्तात बाजारात आलं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. म्हणालो, "अब्बा, पेटंट घ्यायला हवं होतं." ते म्हणाले, "पाइपात पाइप घातल्याचं पेटंट कोण देतंय, बेटा?"

कायदा वाचल्यावर कळलं, अब्बा बरोबर होते. १९७० च्या पेटंट कायद्यात वस्तू नवी असून भागत नाही. त्या धंद्यातल्या जाणकारालाही सहज सुचणार नाही अशी कल्पकता लागते. मिर्झापूरच्या भांडी घडवणाऱ्या कारखान्याचं पेटंट १९७८ साली सुप्रीम कोर्टात टिकलं नाही, ते याच मुद्द्यावर. कारागीर कामाच्या ओघात करतो तेवढी सुधारणा पुरेशी नाही, असं कोर्टाने सांगितलं. बरं, डिझाइनची नोंदणी करावी, तर ती फक्त रूपाला संरक्षण देते, कामाला नाही.

मग अशा मधल्या सुधारणेचं काय? जर्मनीने १८९१ मध्येच उत्तर शोधलं: युटिलिटी मॉडेल, म्हणजे छोटं पेटंट. जपानने ते १९०५ मध्ये घेतलं, चीनने १९८५ पासून. पेटंट २० वर्षांचं, हे जास्तीत जास्त १०. जर्मनीत सखोल तपासणीशिवाय नोंद होते. वस्तू खरंच नवी आहे का, हे वाद झाला तरच बघतात. शिवाय स्वतःच वस्तू आधी लोकांना दाखवली असेल, तरी सहा महिन्यांची सवलत मिळते. अब्बांना नेमकं हेच हवं होतं.

भारतात हे नाही. केंद्राच्या औद्योगिक धोरण विभागाने २०११ मध्ये चर्चेसाठी टिपण काढलं, पण कायदा झाला नाही. विरोधातला मुद्दाही खोटा नाही. तपासणी न करता हक्क वाटले, तर पैसेवाली कंपनी किरकोळ बदलांच्या शंभर नोंदी करून ठेवेल आणि नोटीस येईल ती अब्बांसारख्यालाच. म्हणून माझं मत असं: कायदा हवा, पण तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय कोणावर दावा लावता येऊ नये.

तोवर काय करायचं? आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गॅरेज आहे, लेथ आहे, शिलाईचं मशीन आहे. तिथे काही नवं सुचलं, तर तीन गोष्टी करा. एक, तारीख घालून चित्रासह वहीत लिहा. वहीने हक्क मिळत नाही, पण अर्ज लिहायला तीच लागते. दोन, अर्ज करण्याआधी वस्तू विकू नका, व्हिडिओ टाकू नका. आपल्याकडे ती सहा महिन्यांची सवलत नाही. तीन, कल्पनेत दम वाटला तर तात्पुरता अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण अर्जासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. आपला भाग मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे येतो. नुसतं रूप नवं असेल, तर डिझाइनची नोंदणी करा.

अर्ज लिहिणं अवघड आहे, हे खरं. पण इथे बसलेल्या निम्म्यांना कॉम्प्युटर येतो आणि घरातल्या मोठ्यांना हत्यार येतं. दोघं एका टेबलाशी बसलेच नाहीत, हे आमच्या घरी झालं. मी शेजारच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होतो आणि अब्बा बाहेर भोकं पाडत होते. त्या कोळप्याचं एक चित्रसुद्धा आज आमच्याकडे नाही.

तुम्ही आज घरी गेल्यावर विचारा: "अब्बा, अम्मी, हे तुम्ही कसं बनवलंत?" आणि लिहून घ्या.