खाण्याच्या जागा आणि त्यांची नावे

श्रोतेहो, महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात अर्धा तास हिंडलात तर एक पाटी हटकून दृष्टीस पडेल : 'उपहारगृह'. रंगाऱ्याच्या कुंचल्यातून एक काना गळालेला असतो. उपाहार म्हणजे उप-आहार, भोजनाच्या मानाने थोडेसे खाणे. आणि उपहार म्हणजे भेट, नजराणा. तेव्हा पाटीवर विश्वास ठेवून आत शिरणाऱ्यास नजराण्याची अपेक्षा करण्यास हरकत नाही. मात्र तो शेवटी गल्ल्यावर आपणच ठेवून यावयाचा असतो.

गंमत अशी की, काना असो वा नसो, हा शब्द पाटीवरून खाली उतरून कुणाच्या जिभेवर बसलेला नाही. "चल, उपाहारगृहात जाऊन चहा घेऊ," असे एक मित्र दुसऱ्यास म्हणत नाही. तो म्हणतो 'हॉटेलात'. इंग्रजाच्या लेखी हॉटेल म्हणजे प्रवाशाने रात्रीचा मुक्काम करावयाची जागा. लॅटिनमधल्या ज्या मुळापासून ते निघाले, त्याच मुळापासून 'हॉस्पिटल'ही निघाले. दोहोंतही पाहुण्याची सोय पाहणे हा मूळ अर्थ. मराठीने मात्र त्यातला पलंग काढून टाकला आणि स्टोव्ह तेवढा ठेवला. एस्. टी. च्या थांब्यावरचे पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी, काचेच्या बरणीतली खारी आणि उकळणारे आधण, एवढे असले की आपले हॉटेल झाले. शब्दही घरचाच होऊन गेला : हॉटेलात, हॉटेलवाला, हॉटेलातले. 'हॉटेलातले खातो' हे एके काळी मुलाविरुद्धचे गाऱ्हाणे होते, हे वडीलधाऱ्या श्रोत्यांना सांगावयास नकोच.

ज्या जागा माणसाच्या नावाने ओळखल्या गेल्या त्यांची बोलण्याची तऱ्हा निराळी आहे. आपण 'हॉटेलात' जातो, पण 'इराण्याकडे' जातो. हा 'कडे' लक्षात घेण्यासारखा आहे. मावशीकडे, डॉक्टरकडे, तसे इराण्याकडे. इराणातील यझ्द, किरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी जे जरथुष्ट्री लोक मुंबईस आले, त्यांनी चौकाचौकांतील कोपऱ्याच्या जागा घेतल्या. कोपऱ्याची जागा इतर दुकानदारांस अशुभ वाटे आणि म्हणून ती ह्यांस स्वस्तात मिळाली, असे सांगतात. धोबीतलावाजवळचे कयानी १९०४ चे आहे. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लाकडाची खुर्ची, ब्रून-मस्का आणि एका कपावर वाचून काढलेले सबंध वर्तमानपत्र, हे सर्व त्या एका जातिवाचक शब्दात मावते. तसाच 'उडपी'. कर्नाटकातील उडुपी हे मध्वाचार्यांनी स्थापिलेल्या कृष्णाचे गाव; तेथील स्वयंपाक्यांनी आपल्या गावाचे नाव देशभर नेले. माटुंग्यास १९४२ साली निघालेल्या रामा नायक यांच्या जागेच्या नावात श्रीकृष्ण आहे, उडुपी आहे आणि 'बोर्डिंग' हा शब्दही आहे. मराठी माणसाने मात्र त्या गावाचेच माणूस केले आणि तो 'उडप्याकडे' जाऊ लागला.

पुणेकरांचे सगळेच निराळे. तेथे एक विशेषणच चहाचे दुकान होऊन बसले. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी चहाला 'अमृततुल्य' म्हटले, म्हणजे अमृतासारखा. वर देवाचे नाव, खाली हे विशेषण, अशी पाटी. काही काळाने विशेष्य गळून पडले आणि 'कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात भेटू' असे लोक सहज म्हणू लागले. अमृताशी केवळ तुलना होती, याचीही आता कुणाला आठवण होत नाही!

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या श्रोत्यांना अशी नावे आपापल्या गावी भेटत असतील. कलकत्त्याचे 'पाइस हॉटेल' नाण्यावरून नाव मिळवून बसले; पैशा-पैशाच्या हिशेबाने तेथे जेवण मिळे, आणि भात, डाळ, मासा यांचे दाम वेगवेगळे धरले जाई. केरळात 'चायक्कडा' म्हणजे सरळ चहाचे दुकान. आमच्या 'टपरी'त तर खाण्यापिण्याचा उल्लेखसुद्धा नाही, फक्त आडोशाचा आहे. सरकारलाही एकदा नाव ठेवावे लागले. १९९५ साली महाराष्ट्रात एका रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली, तेव्हा त्या जागेला 'केंद्र' म्हटले गेले. झुणक्याशेजारी हा कचेरीतला शब्द मला नेहमीच अवघडून उभा राहिल्यासारखा वाटे. योजना काही वर्षांत थांबली. काही ठिकाणी पाटी राहिली आणि तिच्याखाली भलतेच पदार्थ विकले गेले.

आतापर्यंतचे सारे शब्द पाटीवरचे, निदान छपराखालचे तरी. ज्या शब्दासाठी मी हे भाषण योजिले, तो 'खाणावळ' होय. दळण्याची मजुरी ती दळणावळ, धुण्याची धुणावळ, शिवण्याची शिवणावळ. त्याच वळणाचा हा शब्द आहे. कुणी त्यात फारसी 'खाना' पाहतात आणि 'खानावळ' लिहितात. पण 'आवळ' हा प्रत्यय पाहता माझे मत 'ण'च्या बाजूचे आहे. म्हणजे खाणावळ या शब्दाच्या घडणीत जागा नाहीच; आहे तो व्यवहार, खाऊ घालण्याचा आणि त्याबद्दल पैसे देण्याचा.

मुंबईच्या गिरणगावात हे अक्षरशः खरे होते. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला कामगार बायकामुले गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधरा जणांसह राही. त्याचे जेवण चाळीतल्याच एखाद्या बाईकडे. ती स्वतःच्या लहानशा खोलीत, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे, पहाटेपासून रात्रीपर्यंत भाकऱ्या थापी. हिशेब पगाराच्या दिवशी. तिच्या दारावर पाटी नव्हती, आणि पाटी नाही म्हणून धंदा नाही! बँकेच्या दृष्टीने ती गृहिणी. कर्ज हवे तर सावकाराकडे जावे लागे. संप झाला की कामगार उधारीवर जेवत, आणि वाण्याचे देणे तिच्या अंगावर चढे.

प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. मंडळाच्या आधाराने बँकेचे कर्ज त्यांच्या नावावर मिळू लागले, तेव्हा कागदावर प्रथमच धंद्याच्या रकान्यात काही लिहावे लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळजण परत कामावर गेलेच नाहीत. गावी निघून गेलेल्यांची उधारी वह्यांत राहिली. जेवणारेच गेल्यावर गिरणगावातील बहुतेक चुली थंडावल्या. मंडळातल्या बायांनी मग कचेऱ्यांना जेवण पुरविण्यासारखी कामे धरली. आज परळ-लालबागच्या बाजूस गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत, आणि त्यांच्या तळमजल्यावर कुठे कुठे 'खाणावळ' हा शब्द मोठ्या अक्षरांत, दिव्यांनी उजळलेला दिसतो. आत थाळी चांगली मिळते. महिन्याचा हिशेब मात्र तेथे कुणी लिहीत नाही.